सहा व्होल्टचा उजेड

मराठीच्या प्राध्यापकाची नखे काळी असण्याचे तसे काही कारण नाही. त्यामुळे गेल्या जूनमध्ये आमच्या कॉलेजच्या प्राध्यापक-कक्षात माझ्या नखांवरून बरीच चर्चा झाली. इतिहासाच्या सरांना वाटले, मी बागकाम काढले असावे. रसायनशास्त्राच्या बाईंनी माझ्या डोक्याकडे एकवार पाहून कलपाचा संशय व्यक्त केला. खरे कारण सांगितले तेव्हा कोणाचाच विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? सायकलची उतरलेली चेन चढवायलाही ज्याने जन्मभर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हाक मारली, तो माणूस आपल्या घरच्या परड्यात एका मोटारसायकलचे इंजिन सोडून बसला आहे, ही गोष्ट विद्यापीठाच्या निकालापेक्षाही अविश्वसनीय होती.

ती मोटारसायकल आबांची. १९६९ सालची जावा, अडीचशे सी.सी.ची, मैसूरच्या कारखान्यात तयार झालेली. आबांनी ती १९८२ मध्ये कोणा इनामदारांकडून जुनीच विकत घेतली. त्या वेळी मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे तिची माझी ओळख मला कळायला लागण्याच्या आधीपासूनची. टाकीवर बसून मी जोतिबाला गेलो, नरसोबाच्या वाडीला गेलो, आणि एकदा पन्हाळ्याच्या चढावर तिच्याच टाकीवर झोपी गेलो, असे आई सांगते.

जावा या नावात मला लहानपणी जावा बेटाचा वास येई. पुढे कळले की त्याचा बेटाशी काही संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातले यानेचेक नावाचे कारखानदार आणि ‘वाँडरर’ ही जर्मन गाडी, यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ मध्ये हे नाव झाले. म्हणजे आमच्या भाषेत मध्यमपदलोपी नव्हे, तर उत्तरपदे सगळीच लोपलेला समास! मैसूरला ती १९६१ पासून तयार होऊ लागली. पुढे तिचेच नाव येझदी झाले, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या, पण त्या चार फेऱ्यांच्या इंजिनाच्या. त्या गाडीखाली उभे राहिले तरी पोटात ते ‘डुग् डुग्’ होत नाही.

ज्यांनी जुनी जावा पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. तिला सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. एका तोंडाने जेवून दोन हातांनी ढेकर द्यावी, असला प्रकार. किक मारायचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. गाडी सुरू झाली की तोच दांडा आत दाबून पुढे वळवायचा, की त्याचा गिअर झाला. किल्ली तर इतकी भाबडी की वेळप्रसंगी खिळ्यावरही भागे. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालायचे, आणि ते जरा जास्त झाले की गल्लीत धुके उतरे.

आबा उद्यमनगरात एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर उभे राहून त्यांनी पस्तीस वर्षे काढली. कोल्हापूरच्या माणसाला उद्यमनगर म्हणजे काय हे सांगायला नको, पण मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. हे गाव अंबाबाईचे, कुस्तीचे आणि रश्श्याचे म्हणून ओळखले जाते. पण त्याचा आणखी एक धर्म आहे, तो म्हणजे ‘मिळत नाही ना, मग करूया’ हा. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता इथेच कॅमेरा घडवला आणि १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तो याच धर्माने. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांनी या गावात यंत्रांचा पाया घातला, तोही याच धर्माने. आबा त्या धर्माचे साधे वारकरी.

मात्र आपल्या मुलाला त्यांनी या वारीत येऊ दिले नाही. रविवारी सकाळी ते परड्यात पोते अंथरून जावा सोडत. मी जवळ गेलो की म्हणत, “तू पुस्तकाला हात लाव. ह्याला नको. एकदा हात काळं झालं की निघत न्हाईत.” मी बारा पावलांवर, तुळशीकट्ट्यापाशी बसून पाहत असे. पॉइंटमधले अंतर मोजायला ते पोस्टकार्डाची कड वापरीत. माझ्या मामाची सगळी पत्रे अशी एका कडेला तेलकट झालेली होती.

मी पुस्तकाला हात लावला, तो फारच लावला. एम.ए. झालो, नेट झालो, प्राध्यापक झालो. आणि याच प्रवासात केव्हातरी एक गोष्ट घडली, ती आजवर मी कोणाला सांगितलेली नाही. पहिली पाळी संपवून येताना आबा मला कधी कधी कॉलेजवर सोडीत. अंगात तेलाचे डाग पडलेला खाकी शर्ट, गाडीमागे पांढऱ्या धुराची शेपटी. फाटकाशी मुले-मुली उभी असत. मी त्यांना म्हणालो, “इथंच सोडा आबा, मला झेरॉक्स काढायचीय.” दुसऱ्या दिवशीही झेरॉक्स निघाली. तिसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आतच त्यांनी त्या अलीकडच्या कोपऱ्यावर गाडी थांबवली. त्यानंतर दोन वर्षे ते तिथेच थांबत. कधी विचारले नाही, की रोज एवढी कसली झेरॉक्स काढतोस.

आबा जाऊन चार वर्षे झाली. त्याच्याही सात वर्षे आधीपासून, म्हणजे त्यांचे गुडघे गेल्यापासून, जावा बंबाच्या खोलीत गोणपाटाखाली उभी होती. गेल्या उन्हाळ्यात ती खोली रिकामी करायची ठरली. भंगारवाल्याने येऊन गोणपाट उचलले, जिभेने ‘च्च’ केले आणि किलोचा भाव सांगितला. मी “नको” म्हणालो. का म्हणालो ते मला सांगता येईना, म्हणून सौ.ना म्हणालो, “ती आता व्हिंटेज झाली आहे.”

हा शब्द तोंडातून निघाला आणि घरात दोन पक्ष पडले.

आमचे चिरंजीव पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. (आबांनी मला ज्यापासून दूर ठेवले तिथेच नातू जाऊन पोचला, हा काळाचा विनोद आहे, आबा त्यावर नुसतेच हसले असते.) त्यांचे म्हणणे असे, की गाडी पुन्हा बांधायचीच तर आजच्या रस्त्यावर चालेल अशी बांधावी. सहा व्होल्टची वीज काढून बारा व्होल्टची करावी, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे, एल.ई.डी.चा दिवा लावावा आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक घालावा. खुद्द चेक देशातच जुन्या जावांसाठी तसे बारा व्होल्टचे संच तयार होतात, हेही त्यांनी मला दाखवले.

माझा पक्ष मूळ पाठाचा. मी वीस वर्षे पाठचिकित्सा शिकवतो आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घुसडू नये अशी तंबी दिली, हे मी दर वर्षी तन्मय होऊन सांगतो. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली, आणि तिच्यावरून पुढे केवढे रण माजले, हे सांगताना तर तास संपल्याची घंटाही मला ऐकू येत नाही. असा मी, माझ्या घरच्या पोथीत एल.ई.डी.चा प्रक्षेप कसा सहन करणार? मी म्हणालो, “एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. १९६९ मध्ये होती तशीच झाली पाहिजे.”

शिवाय सरकारही माझ्या बाजूला होते. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा मोटार असेल, सांगाड्यात वा इंजिनात फेरफार केलेला नसेल, तर तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला खास क्रमांक मिळतो. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मी तो नियम घरात मोठ्याने वाचून दाखवला. पण चिरंजीवांनी पुढचे कलम वाचले: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनाला नेता येते, रॅलीला नेता येते, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते.

“म्हणजे पेट्रोल भरून आणायचं आणि परत लावून ठेवायची?” सौ. म्हणाल्या. “भाजी आणायची नाही?”

आई सोप्यात बसून लसूण सोलत होती. ती काहीच बोलली नाही.

गाडी सोडायला आम्ही बापलेकांनी मे महिन्यात सुरुवात केली. बंबाच्या खोलीला ‘वर्कशॉप’ म्हणण्याचा मान मिळाला. आबांची पेटी उघडली. पाने मापावार कापडात गुंडाळलेले होते. ते कापड म्हणजे आईच्या जुन्या लुगड्याचा काठ. पहिले तीन दिवस आम्ही एकही नट न सोडता नुसते डिझेल आणि रॉकेल शिंपडत राहिलो. चौथ्या दिवशी एक नट सुटला, आणि मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद झाला. सातव्या दिवशी एक बोल्ट मोडला. मग मात्र मुकाट्याने मेस्त्रींना बोलावले.

मेस्त्री आबांचे लेथवरचे जोडीदार. वय पंचाहत्तर, दृष्टी अधू, पण बोटे डोळस. पाटावर बसून त्यांनी मोडलेल्या बोल्टवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बाळ, नट सोडताना श्वास धरू नकोस. तू श्वास धरलास की तोबी धरतोय.” हे त्यांनी पुन्हा समजावून सांगितले नाही, पण खरोखरच पुढचे नट सुटू लागले.

इंजिन उघडल्यावर गाडीचा सगळा इतिहास बाहेर आला. क्रँकचे ऑइल सील दगडासारखे कडक झालेले. ते गळू लागले की गिअरबॉक्समधले तेल इंजिन आपसूक ओढून घेते आणि जाळते. माझ्या कॉलेजच्या फाटकाबाहेरची ती पांढरी शेपटी म्हणजे हेच, असे मेस्त्रींनी सांगितले. पस्तीस-चाळीस रुपयांची रबरी कडी! क्लचच्या प्लेटांतली बुचाची तुकडी झिजून गेलेली. सिलिंडर मधोमध पोटासारखा फुगलेला; तो उद्यमनगरात नेऊन बोअर करून घेतला आणि पुढच्या मापाचा पिस्टन घातला. पेट्रोलच्या नळ्या तर हातात घेताच चुरल्या. त्या नव्या घालतानाही जुन्या जातीच्या घालून भागणार नव्हते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला खाते आणि ओल धरून टाकीला गंज आणते. ते इथेनॉल कशाचे, तर उसाचे! आमच्या जिल्ह्याने आपल्याच उसाने आपलीच जावा बंद पाडावी, म्हणजे कमाल झाली. इथे माझ्या ‘एक स्क्रूसुद्धा नाही’ या प्रतिज्ञेला पहिला तडा गेला. नळ्या नव्या जातीच्या आल्या.

दुसरा तडा मेस्त्रींनी पाडला, आणि त्यानंतर प्रतिज्ञा शिल्लकच राहिली नाही.

उजव्या बाजूचे झाकण काढले. आत डायनॅमो, आणि त्यावर पॉइंट धरणारी एक गोल पट्टी. बाकी सारे काळपट, आणि ही पट्टी पुसताच पिवळी झळकली. पितळेची. मी पुस्तकातले चित्र समोर धरून म्हणालो, “ही बघा, मूळची वस्तू अजून कशी आहे!”

मेस्त्रींनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि हसले. “मूळची? ही तुझ्या आबानं केलीया. कारखाना बंद पडला, माल मिळंना झाला. दोन हजार एकची गोष्ट. दुसरी पाळी झाल्यावर लेथवर लावली आणि पहाटे दोनला उतरवली. मी उजेड धरून उभा होतो. ह्या तीन खाचा त्यानं हातानं कानशीनं घासल्यात, बघ की.”

मग त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. स्टँडची खीळ आबांची. मागच्या ब्रेकचा बुश आबांचा. किकच्या दांड्याचा दाता मोडला होता, तो भरून पुन्हा कापला, आबांनीच. डाव्या सायलेन्सरच्या आतली नळीसुद्धा त्यांनी केलेली. १९६९ ची म्हणून मी जी पोथी सोवळ्यात ठेवू पाहत होतो, तिच्यात पानोपानी एकाच माणसाचे प्रक्षेप होते; आणि ते काढून टाकले तर गाडी चार पावले चालली नसती.

“पण एवढा खटाटोप का केला?” मी विचारले. “दुसरी गाडी घ्यायची होती की.”

“घेणार हुता. स्कूटरचं पैसं बाजूला काढलं हुतं.” मेस्त्री पट्टी फडक्याने पुसत राहिले. “दोन हजार एकला तू एम.ए.ला गेलास न्हवं?”

मला ती पाळी आठवत होती. त्याच वर्षी मी झेरॉक्स काढायला सुरुवात केली होती.

त्या रात्री मी चिरंजीवांना म्हणालो, बारा व्होल्टचा संच मागव. त्यांना वाटले, मी हरलो. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. पन्हाळ्याच्या घाटात अंधारात हा पोरगा त्या गाडीवर बसणार आहे, आणि आजच्या ट्रकांच्या दिव्यांपुढे सहा व्होल्टचा दिवा म्हणजे देवळातली समई. आबा असते तर त्यांनी पन्नास वर्षांचे सर्टिफिकेट पाहिले असते की दिसणारा रस्ता, याबद्दल मला शंका उरली नव्हती. डिस्क ब्रेकवर मात्र मेस्त्रींनी नकाराधिकार वापरला. त्यासाठी पुढचा फोर्क कापावा लागला असता, आणि जे कापले ते पुन्हा जोडता येत नाही, असे त्यांचे मत. शिवाय गाडीच्या बांधणीत असला बदल कायद्यालाही रुचत नाही. ब्रेकच्या नाली नव्या लावल्या, ड्रम लेथवर साफ करून घेतला, तेवढ्याने काम भागले. ‘व्हीए’ क्रमांकाचे वीस हजार वाचले, ते रंगात आणि क्रोमात गेले. रंग मरून, टाकीवर सोनेरी रेघ. ती रेघ ओढायला नंबरप्लेट रंगवणारा एक म्हातारा पेंटर आला. पट्टीबिट्टी काही न लावता त्याने एका दमात ती ओढली आणि चहा न घेताच गेला.

नवा संच बसवायचा म्हणजे जुना डायनॅमो आणि ती पितळी पट्टी काढावी लागते. पट्टी मी काढली. तीन स्क्रू. श्वास न धरता.

खंडेनवमीला घरात पहिल्यांदाच हत्यारांची मोठी पूजा मांडली. एरवी आमच्याकडे विळी, अडकित्ता आणि माझे पेन एवढ्यावरच भागत असे. या वेळी पाटावर आबांचे पाने होते, कॅलिपर होता, कानस होती. आईने हळदकुंकू वाहिले. मग आत जाऊन तिने चिरंजीवांच्या टेबलावरून ती पट्टी आणली, पाटावर ठेवली आणि तिच्यावर झेंडूचे एक फूल ठेवले. ती कशाची आहे हे तिला कोणी सांगितले होते, मला माहीत नाही. मी सांगितले नव्हते.

दसऱ्याला संध्याकाळी गाडी सुरू केली. पहिल्या सतरा किका फुकट गेल्या. अठराव्या किकेला एकदम दोन्ही सायलेन्सर बोलले, आणि परड्यात एवढा धूर झाला की शेजारच्या काकूंनी खिडक्या लावल्या. मेस्त्री दोन मिनिटे कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, “हां,” आणि चप्पल घालून घरी गेले.

दसरा चौकात सोने लुटून झाल्यावर चिरंजीव मित्रांत रमले आणि गाडी माझ्याकडे आली. मला ती नीट चालवता येत नव्हती; या वयात पोलीस परेड मैदानासारखी वळणे घेत मी रंकाळ्याला एक फेरी मारली. गंगावेशीतून परत येताना कॉलेजच्या अलीकडच्या त्या कोपऱ्यावर, काही कारण नसताना, थांबलो. झेरॉक्सचे दुकान आता तिथे नाही. मोबाईलच्या कव्हरांचे आहे.

घरी पोचायला साडेदहा झाले. इथे एक सांगायचे राहिले. आबा दुसऱ्या पाळीहून रात्री याच सुमाराला येत. बॅटरी नेहमीच मेलेली असे, त्यामुळे गल्लीच्या वळणावर दिवा कंदिलासारखा पिवळट दिसे. दारात आल्यावर ते दोनदा मूठ पिळीत. इंजिन गरजे, आणि खिडकीतून येणारा तो मिणमिणता उजेड एकदम पांढरा होऊन सोप्यातल्या भिंतीवर, फोटोंच्या वर, फुलारल्यासारखा पसरे आणि पुन्हा विझत जाई. आई अंथरुणातून उठे आणि तवा ठेवी. हाक मारायची कधी वेळच आली नाही.

मी दारात आलो. नव्या दिव्याचा झोत भिंतीवर पडला. ढळढळीत पांढरा, स्थिर. भिंतीची पोपडी अन् पोपडी दिसावी असा. आतून आईचा आवाज आला, “कोण हाय गं? मोटार आलीया का कुणाची?”

मी उत्तर दिले नाही. मूठ पिळली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. उजेड होता तेवढाच राहिला.

आत भांड्यांचा आवाज झाला. मी गाडी स्टँडला लावून सोप्यात आलो, तेव्हा आई स्वयंपाकघरात गॅस पेटवत होती.